जमीन सरकारची, वाट सगळ्यांची, मग कुदळ कुणाची?

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

 

आज एका पायवाटेची गोष्ट सांगायचीय. साधीसुधी पायवाट नाही हं. शाळेत आपण पाठ केलं होतं ना, भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर? ही वाट त्याहूनही लांब आहे, सुमारे ३,५०० किलोमीटर. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेतून जाते. दक्षिणेला जॉर्जिया राज्यातला स्प्रिंगर डोंगर, उत्तरेला मेन राज्यातला कटाडिन डोंगर, आणि मध्ये चौदा राज्यं. नाव, अ‍ॅपलेचियन ट्रेल.

आता गंमत अशी की या वाटेची बहुतेक सगळी जमीन सरकारी आहे. पण तिच्यावर पडलेलं झाड कोण कापतं? पावसानं वाहून गेलेली माती कोण भरतं? झाडांवर दोन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या खुणा असतात, त्या कोण रंगवतं? बहुतेक वेळा तुमच्याआमच्यासारखी माणसं. शाळेतली शिक्षिका, रिटायर झालेला इंजिनियर, कॉलेजची पोरं. पगार शून्य.

हे कसं काय जमलं? आणि यात सगळं छान छानच आहे का? चला, बघू.

दुःखातून निघालेली कल्पना

साल १९२१. बेंटन मकाय नावाचा एक माणूस, वय बेचाळीस, शिक्षणानं वनशास्त्रज्ञ. त्याची बायको जेसी ही महिलांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारी कार्यकर्ती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जेसीनं न्यूयॉर्कमध्ये आयुष्य संपवलं. मकाय पार कोलमडला. मित्रांनी त्याला सावरलं. त्यातलाच एक मित्र वास्तुशास्त्रज्ञांच्या मासिकाचा संपादक होता. जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या एका फार्मवर बैठक झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्या मासिकात मकायचा लेख आला.

लेखात काय होतं? शहरात राबून थकलेल्या माणसाला डोंगरात मोकळा श्वास घेता यावा म्हणून संपूर्ण डोंगररांगेवरून एक सलग वाट. वाटेवर मुक्कामाच्या जागा, छोट्या वस्त्या, शेती. आणि हे काम लोकांनी स्वतःहून करायचं, मजुरी म्हणून नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर श्रमदान.

लक्षात घ्या, तेव्हा यासाठी ना कायदा होता, ना खातं, ना निधी. होता फक्त एक लेख.

बाईंनी तुरुंग हलवला

पण जमिनीचं काय? हवेत तर वाट बांधता येत नाही. इथे आपल्या गोष्टीत पहिली चावी येते, दान.

वाटेचा पहिला खास तयार केलेला तुकडा १९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेअर माउंटन भागात खुला झाला. तिथे एवढी मोठी सार्वजनिक जमीन आधीपासून होती, म्हणून ते पटकन जमलं. ती जमीन आली कुठून? त्याआधी तिथे राज्य सरकार चक्क तुरुंग बांधायला निघालं होतं. मेरी हॅरिमन नावाच्या श्रीमंत बाई, रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन यांच्या विधवा, १९१० मध्ये पुढे आल्या. म्हणाल्या, दहा हजार एकर जमीन देते, वर दहा लाख डॉलर देते, पण तुरुंगाचा बेत सोडा आणि इथे उद्यान करा. सरकारनं मान्य केलं.

म्हणजे बघा, दान नुसतं दान नव्हतं. त्याला अट होती. आणि ही अटीची भानगड पुढे फार महत्त्वाची ठरते.

गव्हर्नरला जे जमलं नाही

आता वाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मेन राज्य, कटाडिन डोंगर. पर्सिव्हल बॅक्स्टर नावाचा राजकारणी या डोंगराच्या प्रेमात पडलेला. जमीन होती कागद कंपनी आणि लाकूडवाल्यांच्या ताब्यात. बॅक्स्टर १९२१ ते १९२५ राज्याचा गव्हर्नर होता, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद. त्यानं विधिमंडळाला सांगून बघितलं, की राज्यानं हा डोंगर विकत घ्यावा. नाही म्हणजे नाही! विधिमंडळानं दाद दिली नाही.

मग पठ्ठ्यानं काय करावं? पदावरून उतरल्यावर, १९३० मध्ये, स्वतःच्या खिशातून २५,००० डॉलर देऊन सुमारे सहा हजार एकर विकत घेतले. डोंगराचा बराचसा भाग त्यात आला. पुढच्याच वर्षी ती जमीन त्यानं राज्याला देऊन टाकली. आणि थांबला नाही. एकेक तुकडा विकत घ्यायचा आणि राज्याच्या नावावर करायचा, असं १९६२ पर्यंत चालू. एकूण दोन लाख एकरांहून जास्त.

आणि प्रत्येक वेळी बक्षीसपत्रात अटी. ही जमीन कायम सार्वजनिक राहील, कायम रानटीच राहील. राज्यानं ती विश्वस्त म्हणून सांभाळायची, मालक म्हणून वाटेल ते करायचं नाही. गेला तेव्हा देखभालीसाठी सुमारे ७० लाख डॉलरचा निधीही ठेवून गेला. त्यामुळे आजही त्या उद्यानाला राज्याच्या तिजोरीकडे हात पसरायला लागत नाही.

इथे जरा थांबूया. ऐकायला भारी वाटतं. पण एक प्रश्न पडतो ना? सार्वजनिक जमिनीवर काय व्हावं, हे एका श्रीमंत माणसानं कायमचं ठरवून टाकावं का? नंतरच्या पिढीला वेगळं काही वाटलं तर? बॅक्स्टरच्या बाबतीत बहुतेक लोक म्हणतात, बरं झालं बुवा. पण दानासोबत अट येते आणि अट दात्यापेक्षा जास्त जगते. हे विसरून चालत नाही.

चाक ढकलणारा वकील

परत वाटेकडे येऊ. १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली आणि अ‍ॅपलेचियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था सुरू झाली. हीच संस्था २००५ पासून कॉन्झर्व्हन्सी म्हणून ओळखली जाते. सुरुवातीची काही वर्षं नुसतीच चर्चा. कामाला खरा वेग दिला मायरन एव्हरी नावाच्या वकिलानं. हा सागरी कायद्याचा वकील, मूळचा मेनचा. १९२७ मध्ये त्यानं वॉशिंग्टनमध्ये एक क्लब सुरू केला. शनिवार-रविवार आला की क्लबची मंडळी हत्यारं घेऊन डोंगरात. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो संपूर्ण संस्थेचा अध्यक्ष.

एव्हरीचे जुने फोटो बघितले तर हातात सायकलसारखं एक चाक दिसतं. ते अंतर मोजायचं चाक. ते ढकलत ढकलत तो अख्ख्या वाटेवर फिरला. तुकड्या-तुकड्यानं का होईना, पण १९३६ पर्यंत संपूर्ण वाट चाललेला तो पहिला माणूस.

त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक भागासाठी एक स्थानिक क्लब, प्रत्येक क्लबकडे ठरलेले मैल, आणि क्लबमध्ये प्रत्येक तुकड्याला एक माणूस जबाबदार. आजही हीच पद्धत चालते. अमक्या खिंडीपासून तमक्या ओढ्यापर्यंत, हा माझा तुकडा! तिथे झाड पडलं तर बघायचं मी.

१४ ऑगस्ट १९३७ ला मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. आणि तो कुणी जोडला? स्वयंसेवकांनी नाही. मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणारी सरकारी योजना होती, तिच्यातल्या पगारी पोरांनी. हे मुद्दाम सांगतोय. 'सगळं लोकांनीच केलं, सरकारची गरजच काय' असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं आहे.

दोन माणसं, एक रस्ता

आता गोष्टीत भांडण. व्हर्जिनियात शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान होत होतं आणि त्यात डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढायचं ठरलं. नेमका ट्रेल जिथून जातो तिथूनच. मकाय म्हणाला, अजिबात नाही, रानातली शांतता हाच तर या वाटेचा प्राण आहे. एव्हरी म्हणाला, सरकारशी भांडून वाट मिळणार नाही. रस्ता होऊ दे, आपण वाट बाजूला सरकवू. या वादात दोघांचं नातं कायमचं तुटलं. मकाय १९३५ मध्ये वेगळी संस्था उभी करणाऱ्यांमध्ये सामील झाला. रस्ता झाला. वाट सरकली.

आणि या भांडणात ज्यांना कुणी विचारलंच नाही, अशी माणसंही तिथे होती. त्या उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्यानं जमीन सक्तीनं ताब्यात घेतली. चारशेहून जास्त डोंगरी कुटुंबांना घर सोडावं लागलं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८३८ मध्ये, दक्षिणेकडच्या डोंगरांतून चेरोकी लोकांना लष्करानं हुसकावलं होतं. 'सार्वजनिक जमीन' हा शब्द ऐकायला गोड आहे. पण ती सार्वजनिक व्हायच्या आधी कुणाची होती, हा प्रश्न जवळपास प्रत्येक ठिकाणी विचारायला लागतो. धरणं आणि अभयारण्यं बघितलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

शब्दावर चाललेली वाट

दुसरी चावी, करार. १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान खातं आणि वन खातं यांच्यात एक करार झाला. आपापल्या हद्दीत वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक मैल समांतर रस्ते किंवा वाटेला मारक असं काही बांधायचं नाही. राज्यांनी पाव मैलाचं मान्य केलं.

छान. पण वाटेचा मोठा भाग खासगी जमिनीवर होता आणि तिथे करार म्हणजे काय, तर शेतकऱ्याशी हात मिळवणे. 'जाऊ दे का इथून?' 'जा की.' बस्स. कागद नाही, सही नाही.

त्यात त्याच वर्षी, १९३८ मध्ये, मोठं चक्रीवादळ आलं, मग दुसरं महायुद्ध. वाट जागोजागी झाडीत हरवली. १९४८ मध्ये युद्धावरून परतलेला अर्ल शेफर एका दमात अख्खी वाट चालून गेला. १९५५ मध्ये एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजी निघाल्या. अकरा मुलांची आई, पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी. त्यांनी वाट पूर्ण केली आणि पत्रकारांना स्पष्ट सांगितलं, की खुणा सापडत नाहीत, निवारे मोडलेत, झुडपं गळ्यापर्यंत आलीत. आजींमुळे वाट गाजली आणि तिच्या दुरवस्थेचीही चर्चा झाली.

साठच्या दशकात खरा धोका आला. डोंगरात बंगले व्हायला लागले, प्लॉट पडायला लागले. हात मिळवलेला शेतकरी वारला, मुलानं जमीन विकली, नवा मालक म्हणतो, कुठली वाट? चालणाऱ्यांना मैलोन् मैल डांबरी रस्त्यावरून जावं लागायला लागलं. नुसत्या प्रेमानं वाट टिकत नाही, कागद लागतो, हे तेव्हा कळलं.

कायदा आला, तरी कुदळ तीच

२ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाटांच्या कायद्यावर सही केली. अ‍ॅपलेचियन ट्रेल केंद्र सरकारच्या छत्राखाली आला. जबाबदारी राष्ट्रीय उद्यान खात्याची. पण कायद्यातच सोय ठेवली, की वाट सांभाळायला सरकारनं खासगी संस्थांशीही करार करावेत. दहा वर्षं मात्र जमीन खरेदी रखडली. म्हणून १९७८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि जमिनीसाठी ९ कोटी डॉलरची तरतूद झाली. बहुतेक जमीन राजीखुशीनं मिळाली, काही ठिकाणी सक्ती झाली, त्यावरून कटुताही आली.

मध्येच १९७० मध्ये आणखी एक छोटा कायदा झाला होता, उद्यानांतल्या स्वयंसेवकांसाठी. यात एक गोष्ट मला फार आवडते. स्वयंसेवक काम करताना जखमी झाला, तर भरपाईच्या बाबतीत त्याला सरकारी कर्मचाऱ्यासारखंच धरायचं. म्हणजे 'तू हौसेनं आलास, तुझं तू बघ' असं नाही. १९७२ मध्ये वन खात्यासाठीही असाच कायदा आला.

मग जानेवारी १९८४. आजच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण. सरकारनं वाटेसाठी विकत घेतलेल्या जमिनीचा रोजचा कारभार एका करारानं ट्रेल कॉन्फरन्सकडे, म्हणजे त्या स्वयंसेवकांच्या संस्थेकडे सोपवला! आज ती जमीन सुमारे एक लाख एकर आहे.

सोपवला म्हणजे विकला नाही हं. मालकी सरकारची. जमीन खरेदी सरकारकडे, गुन्हा घडला तर कारवाई सरकारकडे. वाट, निवारे, हद्दीच्या खुणा, अतिक्रमणावर नजर, हे क्लबांकडे. कुणी काय करायचं, हे कागदावर. मला वाटतं, सगळी जादू इथेच आहे. मदत करायला लोक जगात सगळीकडे तयार असतात. पण 'तुमचं काम इथून सुरू होतं आणि इथे संपतं' हे स्पष्ट लिहिलेलं फार कमी ठिकाणी असतं.

आज सुमारे तीस क्लब आहेत आणि वर्षाला हजारो स्वयंसेवक. जंगलात यंत्रकरवत चालवायची तर आधी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवायचं, प्रथमोपचार शिकायचे. हौस आहे म्हणून काहीही कापत सुटायचं नाही.

वाट कुणाच्या सातबाऱ्यावर?

करार इतके गुंतले की प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका कंपनीला नैसर्गिक वायूची सुमारे सहाशे मैलांची पाइपलाइन टाकायची होती आणि ती व्हर्जिनियातल्या राष्ट्रीय वनात ट्रेलच्या खालून, जमिनीत खोलवरून जाणार होती. वन खात्यानं परवानगी दिली. पर्यावरणवादी म्हणाले, वाट राष्ट्रीय उद्यान खात्याच्या देखरेखीखाली आहे, म्हणजे जमीनही त्यांचीच झाली, वन खात्याला परवानगी द्यायचा अधिकारच नाही.

१५ जून २०२० ला निकाल लागला, सात विरुद्ध दोन. न्यायालय म्हणालं, उद्यान खात्याकडे इथे आहे तो फक्त वहिवाटीचा हक्क. जमीन वन खात्याचीच. तुमच्या शेतातून शेजाऱ्याला जायची वाट असली, म्हणून शेत शेजाऱ्याचं होत नाही ना, तसंच. म्हणजे पर्यावरणवादी हरले. आणि तीनच आठवड्यांत, खर्च आणि विलंबाला कंटाळून, कंपन्यांनी प्रकल्पच गुंडाळला!

धडा काय? सांभाळणं आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षं कुदळ चालवली तरी सातबाऱ्यावर नाव येत नाही.

मग फुकटात काम करायचं का?

आता टोचणारा मुद्दा. लोक फुकट काम करतायत म्हटल्यावर सरकार हात वर करणार नाही का? पैसे कापा, कर्मचारी कमी करा, स्वयंसेवक आहेतच की! ही भीती खरी आहे. कारण स्वयंसेवक आपोआप उगवत नाहीत. त्यांना शिकवायला, हत्यारं पुरवायला, परवानग्या द्यायला पगारी माणसं लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानं दक्षिणेकडच्या शेकडो मैलांवर झाडं आडवी केली, पूल वाहून गेले. स्वयंसेवकांनी करवती घेऊन महिनोन् महिने काम केलं. पण तुटलेला मोठा पूल रविवारच्या श्रमदानानं उभा राहत नाही. त्याला सरकारी पैसाच लागतो.

म्हणून मला ही वाट तिवईसारखी वाटते. एक पाय दान, एक पाय करार, एक पाय श्रम. आणि तिवई ठेवायला खालची जमीन म्हणजे सरकार. ती जमीनच सरकली तर तिन्ही पाय मजबूत असून काय उपयोग?

आपल्यापैकी कितीतरी जण रविवारी गडावर जातात, टाक्यातला गाळ काढतात, प्लास्टिक गोळा करतात. तुम्हाला हा प्रश्न ओळखीचा असेल. गड पुरातत्त्व खात्याचा, भोवतालचं रान वन खात्याचं, घाम तुमचा. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदलं तर तो गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. चुकीच्या जागी घातलेली एक कुदळ शेकडो वर्षांचा पुरावा पुसू शकते, म्हणून तो नियम आहे. पण परवानगीसाठी कुणाला भेटायचं, काय करायचं आणि काय नाही, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहिलेलं असलं, तर? एव्हरीच्या पद्धतीनं, हा बुरूज तुमचा, ही तटबंदी त्यांची, आणि पडझड दिसली की या साहेबांना कळवायचं. बस्स, एवढंच.

मकाय १९७५ मध्ये गेला, ९६ वर्षांचा होऊन. एव्हरी १९५२ मध्येच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. दोघं एकमेकांशी भांडले, पण वाट दोघांचीही राहिली. एकानं ती स्वप्नात बघितली, दुसऱ्यानं चाकानं मोजली. आणि आजही, तुम्ही हे ऐकताय त्या क्षणी, तिकडे कुणीतरी रंगाचा डबा घेऊन झाडावरची पुसट झालेली पांढरी खूण परत रंगवत असेल. पुढून येणारा माणूस चुकू नये म्हणून.

आजच्यापुरतं इतकंच. तुम्ही एखाद्या गडावर, टेकडीवर, नदीकाठी असं काम करत असाल, तर परवानगीचा तुमचा अनुभव नक्की कळवा, गोडही आणि कडूही. भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा, आणि पाण्याची रिकामी बाटली परत घेऊन या!